फ्यूज कोणाला वाचवतो?

परळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांची बैठक होती. गप्पांच्या ओघात आम्ही एक साधा प्रश्न विचारला. घरातला फ्यूज कोणाचे रक्षण करतो? बहुतेकांनी 'उपकरणांचे' असे उत्तर दिले. काहींनी 'माणसांचे' असे सांगितले. एका बाईंनी थोडे थांबून 'मीटरचे' असे म्हटले. भिंतीत किंवा पट्टीखाली दडलेल्या तारेचे नाव कोणीच घेतले नाही. खरे तर फ्यूज बसवलेला असतो तो त्या तारेसाठी.

या उत्तरांचा दोष शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. आपण ज्या पुस्तकांतून वीज शिकलो आणि ज्यांतून ती शिकवतो, त्यांत तार हे पात्रच नाही. या लेखात आमची तक्रार तेवढीच आहे. ती थोडी तपशिलात मांडतो, कारण तिचा संबंध आपल्या विद्यार्थ्यांच्या घराशी, त्यातही गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागातील जुन्या घरांशी फार जवळचा आहे.

आधी पुस्तकांच्या बाजूने बोलू. आपल्या राज्याच्या नववीच्या पुस्तकात 'धाराविद्युत' या प्रकरणात घरगुती जोडणी येते. वीजयुक्त, तटस्थ आणि भूसंपर्क अशा तीन तारांची ओळख होते. दहावीला विद्युतधारेच्या परिणामांत उष्णता, वितळतार, अतिभार, शॉर्टसर्किट हे विषय येतात. एनसीईआरटीचे दहावीचे पुस्तक आणखी एक पाऊल पुढे जाते. घरात १५ अँपिअर आणि ५ अँपिअर असे दोन वेगळे परिपथ असतात, हे ते सांगते. ५ अँपिअरच्या परिपथावर २ किलोवॅटची भट्टी लावली तर काय होईल, असा प्रश्नही स्वाध्यायात विचारते. हा प्रश्न आम्हाला फार आवडतो. पाठांतरावर त्याचे उत्तर देता येत नाही. २००० ला २२० ने भागून सुमारे ९ अँपिअर काढावे लागतात आणि मग विचार करावा लागतो.

पण विद्यार्थी विचार करून थांबतो तो 'फ्यूज उडेल' या उत्तरावर. ५ अँपिअर ही मर्यादा आली कुठून, ती कोणी ठरवली, हा पुढचा प्रश्न पुस्तक विचारत नाही. ती मर्यादा भट्टीची नसते. भिंतीतल्या तारेची जाडी पाहून ती ठरवलेली असते. आकृतीत मात्र ही तार म्हणजे पेन्सिलीने ओढलेली एक रेघ असते. रेघेला लांबी नसते, जाडी नसते, रोध नसतो आणि ती तापतही नाही.

प्रयोगशाळेत ही रेघ चालून जाते. एक विद्युतघट, एक लहान दिवा आणि वीतभर तार एवढाच मामला असेल तर तारेचा रोध दिव्याच्या रोधापुढे नगण्य असतो. तो शून्य धरणे योग्यच आहे. पण हे एक गृहीतक आहे आणि ते कुठपर्यंत लागू पडते, हे विद्यार्थ्याला कोणीच सांगत नाही. ते तुटते कुठे, हे पाहण्यासाठी आम्ही राहत होतो त्या खोलीत जाऊ.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर टोकाची दहा बाय बाराची खोली. मीटर तळमजल्यावर जिन्याखाली. तिथून लाकडी पट्टीवरून दोन तारा जिन्याच्या कडेने आणि मग गॅलरीतून आमच्या दारापर्यंत येत. ही जोडणी आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची होती. ती झाली तेव्हा घरात ६० वॅटचा एक दिवा, ६० वॅटचा पंखा आणि ३० वॅटचा रेडिओ होता. एकूण दीडशे वॅट. २३० व्होल्टने भागले तर ही धारा ०.६५ अँपिअर होते.

अशाच खोलीतली आजची सकाळ घ्या. मोरीत बादलीत पाणी तापवायचा रॉड १५०० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० वॅट, इस्त्री १००० वॅट, मिक्सर ५००, फ्रिज १५०, दोन पंखे १५०, दिवे आणि टीव्ही मिळून १००. बेरीज ४६०० वॅट, म्हणजे बरोबर २० अँपिअर. रात्रीच्या वातानुकूलन यंत्राचे अकराशे वॅट यात धरलेलेच नाहीत.

आता तारेकडे वळू. मीटर ते खोली २० मीटर धरू. जायची एक तार आणि परतीची एक, म्हणून ४० मीटर तांबे. छेद १ चौरस मिलिमीटर. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर. म्हणजे रोध आला ०.६८ ओहम. जुन्या काळच्या ०.६५ अँपिअरला या संपूर्ण तारेत ०.३ वॅटही उष्णता निर्माण होत नव्हती. आजच्या २० अँपिअरला २० × २० × ०.६८, म्हणजे २७२ वॅट. धारा तीसपट झाली आणि उष्णता नऊशेपटींहून अधिक झाली. दहावीच्या वर्गात आपण धारेचा वर्ग घ्यायला शिकवतो तो याच घटनेसाठी, पण उदाहरणात नेहमी शेगडीची किंवा इस्त्रीची तार येते. जिन्याच्या लाकडावरून गेलेली तार येत नाही.

२७२ वॅटपैकी दर मीटरला जवळजवळ ७ वॅट. आकडा किरकोळ वाटेल. पण ही तार पट्टीत किंवा नळीत बंद आहे, तिला वारा लागत नाही. तिच्यावरचे पीव्हीसीचे वेष्टन कायमचे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच सोसते. मुंबईच्या मे महिन्यात भिंतच ३५ अंशांवर असते, म्हणजे तापायला उरतात फक्त ३५ अंश. नळीतून गेलेल्या अशा १ चौरस मिलिमीटर तारेला अकरा-बारा अँपिअरच सोसतात, २० सोसत नाहीत. आणि वेष्टन एकदम पेटत नाही. ते हळूहळू कडक होते, तडकते. अशा पदार्थांबाबत एक ढोबळ ठोकताळा आहे: तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. मग एखाद्या दिवशी दोन तारा एकमेकींना टेकतात आणि लोक म्हणतात, 'शॉर्टसर्किट झाले'. शॉर्टसर्किट हा शेवटचा अंक असतो. आधीचे सगळे अंक वर्षानुवर्षे भिंतीत चाललेले असतात.

याच ठिकाणी ४ चौरस मिलिमीटरची तार असती तर रोध ०.१७ ओहम आणि उष्णता ६८ वॅट झाली असती. विभवांतरातली घट १३.६ व्होल्टवरून ३.४ व्होल्टवर आली असती. इस्त्री चालू केली की दिवा मंदावतो, हे निरीक्षण मुले घरी रोज करतात. ही घट म्हणजेच त्या निरीक्षणाचे उत्तर आहे. ओहमच्या नियमाचा इतका सुंदर प्रयोग घरात फुकट होत असतो आणि आपण वर्गात त्याचे नाव काढत नाही.

आता फ्यूजकडे येऊ. तार किती सोसते हे एकदा कळले, की तिला त्याहून अधिक धारा मिळू नये म्हणून दारावर बसवलेला पहारेकरी म्हणजे फ्यूज. पहारेकरी कोणाच्या ऐपतीप्रमाणे नेमायचा, तर तारेच्या. 'फ्यूज उपकरणांना वाचवतो' हे वाक्य पूर्ण खोटे नाही, पण त्यातून भलतीच कृती सुचते. आमच्या चाळीत एक काका फ्यूज बांधण्यात वाकबगार होते. फ्रिज आला आणि फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा त्यांनी तांब्याचे चार पदर पिळून बसवले. फ्यूज पुन्हा कधी उडाला नाही. सगळे खूष झाले, आम्हीही. उपकरण मोठे झाले तर फ्यूजही मोठा हवा, हा त्यांचा तर्क पुस्तकाच्या वाक्याशी अगदी सुसंगत होता. तार तीच राहिली आहे, हे त्या तर्कात कुठेच येत नव्हते. दोनेक वर्षांनी एका पावसाळी रात्री जिन्यातल्या पट्टीतून धूर आला. शेजाऱ्यांनी वेळीच मेन बंद केला म्हणून निभावले. लाकडी जिना हाच वरच्या तीन मजल्यांचा खाली उतरायचा एकमेव मार्ग होता, हे आम्हाला कळायला मात्र बरीच वर्षे जावी लागली.

वितळतारेचा व्यास दुप्पट केला तर ती वितळायला लागणारी धारा दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होते. हा संबंध विल्यम प्रीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाने मांडला. म्हणजे 'थोडी जाड तार' ही गोष्ट थोडकी राहत नाही.

आज फ्यूजच्या जागी एमसीबी आली आहे. तिच्यात पदर पिळता येत नाहीत, पण काकांची चूक करता येते. एमसीबी वारंवार पडते म्हणून लोहार चाळीत जाऊन १६ ऐवजी ३२ अँपिअरची आणायची आणि बसवायची. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशी एमसीबी तिच्यावर लिहिलेल्या धारेच्या १.१३ पटीपर्यंत तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडली पाहिजे. म्हणजे ३२ अँपिअरची एमसीबी ३६ अँपिअर शांतपणे जाऊ देईल. मागची तार बारा अँपिअरची असेल तर पहारेकरी आहे आणि नाहीही.

यावरून घरातील परिपथांची आखणी कोणत्या क्रमाने करावी हे स्पष्ट होते. आधी भार, मग धारा, मग तिच्यासाठी तारेचा छेद, मग तारेसाठी एमसीबी आणि सर्वांत शेवटी बटणे व सॉकेट. प्रत्यक्षात आपण शेवटापासून सुरुवात करतो. पलंग कुठे, टीव्ही कुठे, म्हणून पॉइंट कुठे. तार कोणती, हे वायरमनवर सोडून देतो. वायरिंगविषयीच्या भारतीय मानक ७३२ मधला रूढ नियम आखणीची पहिली पायरी म्हणून वर्गातही सांगण्याजोगा आहे. दिवे-पंख्यांच्या एका उपपरिपथावर १० पॉइंट किंवा ८०० वॅट यांपेक्षा जास्त नको. १६ अँपिअरच्या सॉकेटच्या उपपरिपथावर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. दिव्यांसाठी १.५, सॉकेटसाठी २.५, गीझर आणि वातानुकूलनासाठी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर, ही आजची साधारण पद्धत. आमच्या लालबागच्या खोलीला या हिशेबाने किमान चार परिपथ लागले असते. होता एक.

तारेची रेघ झाल्यामुळे आणखी दोन गोष्टी पुस्तकात निसटतात. पहिली समांतर जोडणीची. सर्व उपकरणांना सारखे विभवांतर मिळते आणि प्रत्येक उपकरण स्वतंत्रपणे बंद करता येते, हे समांतर जोडणीचे फायदे आपण फळ्यावर लिहितो. त्याची किंमत लिहीत नाही. सगळ्यांच्या धारा सामाईक तारेत एकत्र येतात. एका सॉकेटमध्ये तीन तोंडांचा जोड आणि त्यात आणखी एक लांब बोर्ड खोचला, की समांतर जोडणीचे सगळे फायदे शाबूत राहतात आणि मागची दोन बोटे तार सगळा भार ओढते. शिवाय सैल प्लगच्या ठिकाणी ०.१ ओहमचा रोध असला, तरी १० अँपिअरला त्या हरभऱ्याएवढ्या जागेत १० वॅट उष्णता साठत जाते. ही उष्णता एमसीबीला दिसत नाही, कारण धारा वाढलेलीच नसते. काळवंडलेला, तापलेला प्लग हाच तिचा इशारा.

दुसरी गोष्ट बटणाची. विद्युतघटाच्या परिपथात कळ दिव्याच्या अलीकडे लावली काय आणि पलीकडे लावली काय, दिवा सारखाच विझतो. विद्यार्थी हे शिकतो आणि ते खरे असते. घरात ते धोक्याचे ठरते. घरच्या दोन तारा सारख्या नसतात. तटस्थ तार उपकेंद्रात जमिनीशी जोडलेली असते, वीजयुक्त तार नसते. बटण तटस्थ तारेवर लावले तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात. बटण बंद करून दिवा बदलणाऱ्या माणसाला धक्का बसतो आणि त्याला वाटते, बटण बिघडले.

माणसाचा प्रश्न निघालाच आहे तर त्या बैठकीतल्या दुसऱ्या उत्तराचेही पाहू. फ्यूज माणसाला वाचवतो का? शरीरातून ३० मिलिअँपिअर धारा गेली तरी जिवाला धोका असतो. ५ अँपिअरचा फ्यूज यापेक्षा दीडशेहून अधिक पट धारेची वाट पाहत बसलेला असतो. माणसासाठी वेगळी व्यवस्था लागते: भूसंपर्क तार आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी. अनेक जुन्या खोल्यांत दोनच तारा आल्या आहेत. सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे काहीच नसते. मोरीत रॉड लावलेली पत्र्याची बादली आणि मागे रिकामे भोक, हे चित्र पुस्तकातल्या तीन रंगांच्या आकृतीशेजारी ठेवून पाहावे.

यावर कोणी म्हणेल, शाळेने वायरमन तयार करायचे आहेत का? मुळीच नाही. वायरिंगचे काम परवानाधारकानेच करावे, कायदाही तेच सांगतो. पण आखणी म्हणजे वायरिंग नव्हे. आखणी हा गुणाकार-भागाकाराचा आणि समजुतीचा विषय आहे, आणि तो घरमालकाला टाळता येत नाही. शहर भागात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट वीज पुरवते. १९०५ साली कंपनी म्हणून सुरू झालेला हा उपक्रम ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेकडे आला. पण पुरवठादाराचे काम मीटरपाशी संपते. मीटरच्या पुढची तार आपली, आणि तिची जबाबदारीही आपली. तिथे ज्ञान लागते ते घरातल्या माणसाला.

ही गोष्ट आज तातडीची झाली आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, ना. म. जोशी मार्ग, नायगाव आणि शिवडी इथे मिळून २०७ होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यांतल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळींच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि आपले विद्यार्थी नव्या घरांत जात आहेत. नव्या घराच्या तारा आज ठरतात आणि पुढची तीस-चाळीस वर्षे भिंतीत राहतात.

जे अजून जुन्या चाळींत आहेत, त्यांच्यासाठी एक गणित सांगण्यासारखे आहे. ८० खोल्या, प्रत्येकी ४६०० वॅट, म्हणजे ३६८ किलोवॅट. इमारतीची मुख्य तार इतक्या भारासाठी कोणी घालत नाही. सगळे एकाच वेळी सगळे वापरत नाहीत, असे धरून अभियंता समजा निम्मा भार घेतो. हा विचार रास्त आहे. पण चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळी येते. त्याच तासाभरात सगळ्यांच्या आंघोळी, सगळ्यांचे रॉड, पाणी चढवायचे पंप आणि शाळा-कचेरीची घाई. 'एकाच वेळी सगळे नाही' हे गृहीतक पाण्याच्या वेळापत्रकाने मोडून टाकलेले असते. घरातील वीज ही घरातल्या माणसांच्या दिवसाशी बांधलेली असते, हे यावरून मुलांना जितके पटते तितके कोणत्याही व्याख्येने पटणार नाही.

मग पुस्तकात काय बदलावे? आमची मागणी माफक आहे. घरगुती जोडणीच्या आकृतीत प्रत्येक तारेशेजारी तिची लांबी आणि छेद लिहावा. फ्यूज तारेसाठी असतो, हे एक वाक्य घालावे. आणि एक स्वाध्याय द्यावा, ज्यात बंगल्याऐवजी एका खोलीचे घर असेल आणि विद्यार्थ्याने त्याचे परिपथ आखायचे असतील. दोन पानेही लागणार नाहीत.

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांना थांबायचे कारण नाही. मुलांना घरातील उपकरणांवरच्या पट्ट्या वाचून वॅट लिहून आणायला सांगा. सकाळी सात ते आठ या वेळात कोणती एकत्र चालतात, तेवढीच बेरीज करायची. २३० ने भागायचे. मग एमसीबीवरचा आकडा बाहेरूनच वाचायचा. बोर्ड उघडायचा नाही, प्लगमध्ये काही खुपसायचे नाही, जोड हलवायचा नाही, ही सूचना दोनदा द्या. कोणता प्लग काळा पडला आहे तेवढे दुरून पाहून लिहायचे. हे आकडे वर्गात फळ्यावर आले, की तारेचा प्रश्न मुले स्वतःच विचारतील: 'सर, आमच्या भिंतीतली तार किती जाडीची आहे हे कसं कळणार?'

परळच्या त्या बैठकीनंतर 'मीटरचे' असे उत्तर देणाऱ्या बाईंनी हे करून पाहिले. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले, वर्गातल्या एका मुलीचा हिशेब २६ अँपिअर आला आणि घरची एमसीबी ३२ ची निघाली. तिच्या वडिलांनी वायरमनला बोलावले, ते नवी एमसीबी बसवायला नव्हे, तर तार पाहायला.